धर्मगुरूंचा शब्द आणि ज्यूंची वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय दूरचा आहे, युरोपातला आहे. ख्रिस्ती धर्मातले मोठे अधिकारी, म्हणजे पोप, बिशप, मठाधिपती, यांनी ज्यू लोकांना शतकानुशतके कसे वागवले, हा तो विषय. हे ऐकून आपल्याला काय करायचे, असे कुणाच्या मनात आले तर ते साहजिक आहे. पण वेगळी वस्ती म्हणजे काय, अंगावर खूण घेऊन फिरणे म्हणजे काय, हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही त्यांना हा इतिहास लवकर कळतो. मी तुलना करत बसणार नाही. ती तुमची तुम्ही करालच.

आधी ज्यू म्हणजे कोण ते सांगतो. बायबलात ज्यांना यहुदी म्हणतात तेच हे लोक. एक देव मानणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे. आपल्या कोकणात बेने इस्राएल म्हणून जी मंडळी आहेत ती ज्यूच. अलिबाग-पेण भागात ती तेलाच्या घाण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलणारी ही माणसे. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि दुसरी गोष्ट. येशू ख्रिस्त स्वतः ज्यू होता. त्याची आई ज्यू, त्याचे पहिले शिष्य ज्यू. त्याला क्रूसावर चढवण्याचा हुकूम दिला तो पंतय पिलात या रोमन सुभेदाराने. क्रूसावर चढवणे ही रोमन सरकारची शिक्षा होती. तरीसुद्धा पुढे शेकडो वर्षे चर्चमधून काय सांगितले गेले? तर ज्यूंनी देवाला मारले, आणि ते पाप त्यांच्या पोराबाळांवर, नातवा-पणतवांवर कायमचे आहे. एका शहरातल्या काही माणसांचा दोष जगातल्या साऱ्या जमातीवर, आणि तोही जन्माने! सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे.

प्रवचनापासून सुरुवात

पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक स्वतःच छळ सोसत होते. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टन्टाईन बादशहाच्या वेळी त्यांना मोकळीक मिळाली. ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने ख्रिस्ती धर्म हा राज्याचा धर्म केला. काल छळ सोसणाऱ्यांच्या हाती आज सत्ता आली. आता त्यांची परीक्षा होती.

त्या काळी अँटिऑक शहरात जॉन नावाचे एक धर्मोपदेशक होते. इतके सुंदर बोलत की पुढे लोकांनी त्यांना क्रिसोस्टम, म्हणजे सोन्याच्या मुखाचा, अशी पदवी दिली. गावातले ख्रिस्ती लोक शेजारधर्माने ज्यूंच्या सणाला जात, त्यांच्या सिनेगॉगमध्ये जात. म्हणजे बघा, सामान्य माणसांचे आपसात बरे चालले होते. हे या धर्मोपदेशकाला खपले नाही. इ.स. ३८६-३८७ च्या सुमारास त्याने ज्यूंच्या विरोधात एकामागून एक आठ प्रवचने दिली. सिनेगॉगला वेश्यागृहाची, चोरांच्या अड्ड्याची उपमा दिली. त्या दिवशी दंगल झाली नसेल. पण ती प्रवचने लिहून ठेवली गेली, भाषांतरे झाली, आणि शेकडो वर्षे दुसरे लोक ती वापरत राहिले. बोलणारा गेला, शब्द राहिला.

लगेच दुसरी गोष्ट घडली. ३८८ मध्ये फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात, म्हणजे आजच्या सीरियातल्या रक्का शहराच्या जागी, तिथल्या बिशपच्या चिथावणीवरून जमावाने सिनेगॉग जाळले. बादशहाने हुकूम सोडला, की बिशपने स्वतःच्या खर्चाने ते पुन्हा बांधून द्यावे. साधा न्याय आहे, ज्याने जाळले त्याने भरून द्यावे. पण मिलान शहराचे बिशप अँब्रोज आडवे आले. त्यांनी पत्र लिहिले, मग भर चर्चमध्ये बादशहाला सुनावले, आणि हुकूम मागे घेतल्याशिवाय पूजाविधीला पुढे जाणार नाही म्हणून अडून बसले. बादशहाने हुकूम मागे घेतला.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. धर्मगुरूने राजाला अडवावे, जरूर अडवावे. पण कशासाठी? गरिबावरचा जुलूम थांबवण्यासाठी अडवले तर तो धर्म. इथे जळलेल्या मंदिराची भरपाई मिळू नये म्हणून अडवले. धर्माचा अधिकार कायद्याच्या वर जाऊन बसला, आणि त्याची पहिली किंमत दुबळ्याने मोजली.

त्याच पदावरची दुसरी माणसे

अशा वेळी एक उत्तर हमखास येते, की अहो, तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नका. बंधूंनो, हे उत्तर तपासून घेतले पाहिजे. आज मला मुख्यतः तेच करायचे आहे.

याच चर्चच्या सर्वोच्च गादीवर ५९० ते ६०४ या काळात पहिले ग्रेगरी हे पोप होते. मार्सेय आणि आर्ल या गावांत ज्यूंचा जबरदस्तीने बाप्तिस्मा केला जातो, हे कानावर येताच त्यांनी ५९१ मध्ये तिथल्या बिशपांना पत्र लिहून ते बंद करायला सांगितले. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा. ५९८ मध्ये पालेर्मोच्या बिशपने ज्यूंची सिनेगॉग बळकावून तिथे चर्च केले. पोप ग्रेगरींनी कळवले, की कायद्याने जे ज्यूंचे आहे त्यात त्यांना त्रास होता कामा नये. जागेची किंमत भरून द्या, ग्रंथ आणि वस्तू परत करा. आता ग्रेगरी काही ज्यू धर्माचे चाहते नव्हते. ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे असेच त्यांना वाटत होते. तरी न्याय म्हणजे काय हे त्यांना कळत होते.

मग सांगा, अँब्रोजला कळत नव्हते आणि ग्रेगरींना कळत होते, ते काय काळामुळे?

पुढे चला. १०९६ मध्ये पहिले क्रुसेड निघाले. क्रुसेड म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घेण्यासाठी पुकारलेले धर्मयुद्ध. निघालेल्या टोळ्यांनी विचार केला, शत्रू इतक्या दूर शोधायचा कशाला, इथे घराशेजारीच देवाचे मारेकरी आहेत. जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या गावांवर त्या तुटून पडल्या. श्पायर गावात अकरा ज्यू मारले गेले, पण तिथले बिशप जॉन यांनी बाकीच्यांना आसरा दिला आणि हल्लेखोरांपैकी काहींना पकडून शिक्षा केली. वर्म्स आणि माइन्झ इथे बिशपांच्या वाड्यात आसरा घेतलेले लोकसुद्धा वाचले नाहीत. कित्येक आईबापांनी बाप्तिस्मा घेण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मुलांना मारून जीव दिला. एकाच महिन्यात, एकाच नदीकाठी, एक बिशप उभा राहिला आणि गाव बऱ्याच अंशी वाचले. माइन्झचा आर्चबिशप जिवाच्या भीतीने निघून गेला आणि गाव संपले.

पन्नास वर्षांनी दुसऱ्या क्रुसेडच्या वेळी, ११४६ मध्ये, राडुल्फ नावाचा एक मठवासी साधू ज्यूंना मारा म्हणून गावोगाव प्रवचने देत फिरू लागला. तेव्हा क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड, ज्यांचा शब्द त्या वेळी युरोपभर चालत होता, स्वतः माइन्झला गेले आणि त्याला मठात परत पाठवले. बॉनच्या एफ्राइम नावाच्या ज्यू लेखकाने हे कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. धर्मगुरूच्या शब्दाने आग लागते, तशी धर्मगुरूच्या शब्दाने ती विझतेही. म्हणूनच विझवण्याची ताकद असताना जो गप्प बसतो, त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा मोठी असते.

शब्दाचा कायदा झाला

१२१५ मध्ये रोमला लॅटरन इथे चर्चची मोठी परिषद भरली. पोप होते तिसरे इनोसंट. तिथे ठराव झाला, की ज्यू आणि मुसलमान यांनी ख्रिस्ती लोकांपासून ओळखू यावेत असा वेगळा पोशाख घालावा. ज्यूंना सरकारी अधिकाराची जागा देऊ नये, हाही ठराव झाला. यातूनच पुढे निरनिराळ्या देशांत कपड्यावर लावायचे ठिगळ, पिवळी चकती, टोकदार टोपी आली. हे जमावाने केले नाही. ठराव लिहून, परिषद भरवून, विद्वान मंडळींनी केले.

नंतर पुस्तकांची पाळी आली. पोप नववे ग्रेगरी यांच्या आदेशावरून १२४० मध्ये पॅरिसला तालमूद या ज्यूंच्या ग्रंथावर जणू खटला चालला. १२४२ च्या सुमारास चोवीस गाड्या भरून हस्तलिखिते जाळण्यात आली. छापखाना नव्हता, एकेक प्रत हाताने लिहायला महिनेच्या महिने लागत, त्या काळातल्या चोवीस गाड्या!

त्यानंतर अफवा. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचे रक्त सणासाठी वापरतात, ही कंडी पिकली. इंग्लंडात नॉर्विच इथे ११४४ मध्ये मेलेल्या एका मुलावरून तिचा उगम झाला. पोप चौथे इनोसंट यांनी १२४७ मध्ये लेखी कळवले, की हा आरोप खोटा आहे. पण १४७५ मध्ये इटलीतल्या ट्रेंट गावी सिमॉन नावाचे लहान मूल मेले, तेव्हा तिथल्या बिशपने ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेतले आणि त्यांना ठार केले. त्या बाळाची संत म्हणून पूजा सुरू झाली. चर्चने ती पूजा बंद केली १९६५ मध्ये. म्हणजे वरून एकदा ‘खोटे आहे’ म्हणून भागत नाही. खालच्या देवळात तीच गोष्ट चित्र काढून, मेणबत्ती लावून सांगितली जात असेल तर लोक चित्रावर विश्वास ठेवतात.

१३४८ मध्ये युरोपात प्लेग आला. ज्यूंनी विहिरींत विष टाकले अशी हाकाटी झाली. पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी आज्ञापत्रे काढली. त्यांचा युक्तिवाद अगदी सरळ होता. प्लेगने ज्यूसुद्धा मरत आहेत, आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही प्लेग आहे, मग विष त्यांनी टाकले कसे? इतकी साधी अक्कल वापरूनही उपयोग झाला नाही. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळले. गंमत म्हणायची की शरम, त्या शहरात तेव्हा प्लेग आलासुद्धा नव्हता! हजार वर्षे जे कानावर घातले, ते एका आज्ञापत्राने निघत नाही.

धर्म बदलला तरी रक्त?

आता मी स्पेनकडे येतो. इथला भाग नीट ऐका.

१३९१ मध्ये सेव्हिल शहरात फेरान मार्टिनेझ या धर्माधिकाऱ्याच्या प्रवचनांनी दंगल पेटली आणि ती स्पेनभर पसरली. जीव वाचवण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. आता धर्मशास्त्र काय सांगत होते? बाप्तिस्मा झाला की सर्व ख्रिस्ती सारखे. मग प्रश्न मिटायला हवा होता. पण ही माणसे शिकलेली, कामसू. ती वर येऊ लागली, अधिकाराच्या जागा मिळवू लागली, तेव्हा जुन्या ख्रिस्ती लोकांना ते सहन होईना. १४४९ मध्ये टोलेडो शहराने नियम केला, की ज्यू वंशातून आलेल्या नवख्रिस्ती माणसाला अधिकारपद नाही. याला रक्ताची शुद्धता असे नाव पडले. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी हा नियम धर्मविरोधी म्हणून धिक्कारला. तरी तो वाढतच गेला. १५४७ मध्ये टोलेडोच्या आर्चबिशपनेच तो आपल्या मुख्य चर्चमध्ये लागू केला. नोकरीला लागण्याआधी आजा-पणजा कोण होता याचा दाखला द्यावा लागे. धर्म बदलला, नाव बदलले, देव बदलला. जन्म मात्र पाठ सोडीना.

मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी काढले त्या जेझुइट संघाची गोष्ट घ्या. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी असा भेद मानला नाही. त्यांच्यानंतर संघाचे प्रमुख झालेले दिएगो लाइनेझ हे ज्यू वंशातले होते. पण १५९३ मध्ये त्याच संघाने ज्यू वंशाच्या माणसाला प्रवेश बंद केला. ही बंदी पूर्णपणे उठली कधी? १९४६ मध्ये. संस्थापकाचा विचार मोठा असला तरी वारसदार नियमावलीतून तो कसा पुसून टाकतात, ते यातून दिसते.

ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, त्या सर्व ज्यूंना स्पेनच्या राजाराणीने १४९२ मध्ये देशाबाहेर घालवले. नवख्रिस्ती मनातून ज्यूच आहेत की काय हे तपासायला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आधीच बसले होते. १४९७ मध्ये पोर्तुगालने ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले तेव्हा हा सगळा संशय त्यांच्याबरोबर जहाजातून इथे आला. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले, आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. पुढे त्याचा बडगा इथल्या स्थानिक नवख्रिस्ती लोकांवर मोठ्या प्रमाणात पडला. पण सुरुवातीला रोख होता ज्यू वंशातल्या माणसांवर.

गार्सिया द ओर्ता हे नाव काहींनी ऐकले असेल. मोठे वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आले. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आपल्या मुंबईचे बेट एके काळी त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६८ मध्ये ते वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कॅटरिना हिला, ती गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून, गोव्यात जिवंत जाळले. आणि १५८० मध्ये ओर्तांची हाडे कबरीतून उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाच्या हाडांनासुद्धा शिक्षा!

कायद्याची भिंत झाली

१४ जुलै १५५५ रोजी पोप चौथे पॉल यांनी आज्ञापत्र काढले. रोममधल्या ज्यूंनी टायबर नदीकाठच्या एका सखल, पुराच्या जागेत भिंतीच्या आत राहायचे. रात्री दरवाजे बंद. यालाच घेट्टो म्हणत. व्हेनिसमध्ये असा घेट्टो १५१६ पासून होताच. ज्यूंना जमीन-घर विकत घेता येणार नाही. पुरुषांनी पिवळी टोपी घालायची. धंदा करायचा तो जुन्या कपड्यांचा, चिंध्यांचा. ज्यू डॉक्टरने ख्रिस्ती रोग्याला तपासायचे नाही. आणि एक कलम तर असे, की गरीब ख्रिस्ती माणसानेसुद्धा ज्यूला ‘मालक’ म्हणून हाक मारू नये. बोलण्यातला मानसुद्धा कायद्याने काढून घेतला!

१५८४ पासून ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती प्रवचनाला बसवत. लोक कानात मेण घालून बसत, असे सांगतात. घेट्टोच्या भिंती १८४८ मध्ये पडल्या, पण बंधने खऱ्या अर्थाने सुटली १८७० मध्ये, जेव्हा पोपची रोमवरची राजसत्ताच गेली. १५५५ ते १८७०, ३१५ वर्षे. सत्ता हातात असेपर्यंत धर्मपीठाने ती बंधने आपणहून कायमची सोडली नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

पोपविरुद्ध बंड करणारे मार्टिन ल्यूथर तरी वेगळे निघाले का? १५२३ मध्ये त्यांनी लिहिले, की येशू जन्माने ज्यू होता, ज्यूंशी माणुसकीने वागा. त्यांना आशा होती, की ज्यू आता आपल्या पंथात येतील. आले नाहीत. १५४३ मध्ये त्याच ल्यूथरनी ज्यूंविरुद्ध दुसरे पुस्तक लिहिले. सिनेगॉग जाळा, घरे पाडा, ग्रंथ काढून घ्या, असा त्यात सल्ला दिला. आमच्यात या म्हणून गोड बोलायचे आणि नाही आलात तर घर जाळायचे, याला प्रेम म्हणत नाहीत.

आणखी एक प्रसंग सांगतो. १८५८ साल. इटलीतले बोलोन्या शहर पोपच्या राज्यात होते. तिथल्या मोर्तारा या ज्यू कुटुंबातला एडगार्डो हा सहा वर्षांचा मुलगा. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरच्या ख्रिस्ती मोलकरणीने, पोर मरेल म्हणून, गुपचूप पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा केला. हे कळताच पोलीस आले. कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मूल ज्यू आईबापांकडे ठेवता येत नव्हते. आईच्या कुशीतून मुलगा नेला. युरोप-अमेरिकेत निषेध झाले. पोप नववे पायस यांनी मुलगा परत दिला नाही. तो पुढे पाद्री झाला आणि १९४० मध्ये वारला. मायबहिणींनो, या प्रसंगावर मी जास्त बोलायची गरज नाही.

विसावे शतक

हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. हे चर्चने केले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हिटलरचा द्वेष वंशाच्या नावाने होता. कित्येक पाद्रीसुद्धा त्याच्या छळछावणीत मेले. पण कपड्यावरची खूण, वेगळी वस्ती, पुस्तकांची होळी, वंशाचा दाखला, यातली एक तरी गोष्ट युरोपला नवीन होती का? जमीन आधीच नांगरलेली होती.

याही वेळी दोन प्रकारचे धर्मगुरू दिसतात. बर्लिनच्या मुख्य चर्चमधले बर्नहार्ड लिख्टनबर्ग यांनी १९३८ मध्ये सिनेगॉग जळाल्यानंतर ज्यूंसाठी उघड प्रार्थना सुरू केली. त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये छळछावणीच्या वाटेवर ते वारले. फ्रान्समध्ये तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये पत्र काढले, की ज्यूही माणसेच आहेत, आपले भाऊ आहेत. ते चर्चचर्चमधून वाचले गेले. बल्गेरियात स्टेफान आणि किरिल हे धर्मगुरू १९४३ मध्ये सरकारच्या आडवे उभे राहिले, आणि त्या देशातल्या सुमारे पन्नास हजार ज्यूंना गाडीत घालता आले नाही. बल्गेरियाच्या ताब्यातल्या शेजारच्या मुलखातले अकरा हजारांहून अधिक मात्र गेले.

आणि रोममध्ये १६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोपच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर हजाराहून अधिक ज्यू पकडून ठेवले गेले आणि ऑशविट्झला नेले गेले. परत आले सोळा. रोममधल्या मठांनी, कॉन्व्हेंटांनी हजारो ज्यूंना लपवले, हे खरे. पण पोप बारावे पायस यांनी जाहीर निषेधाचा शब्द काढला नाही, हेही खरे. २०२० मध्ये व्हॅटिकनने त्या काळची कागदपत्रे अभ्यासकांना खुली केली, तेव्हापासून ही चर्चा पुन्हा जोरात आहे.

एका इतिहास शिक्षकाचे काम

मग हे बदलले कसे? फ्रान्समध्ये ज्यूल इझाक नावाचे इतिहासकार होते. त्यांची शालेय पुस्तके देशभर चालत. ज्यू म्हणून १९४० मध्ये त्यांना पदावरून काढले. १९४३ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी पकडली गेली आणि ऑशविट्झला मारली गेली. या माणसाने काय केले? चर्चची प्रवचने, धर्मशिक्षणाची पुस्तके आणि बायबल शेजारी शेजारी ठेवून तपासले. तुम्ही मुलांना जे शिकवता ते तुमच्या ग्रंथाला धरूनसुद्धा नाही, हे दाखवून दिले. त्या शिकवणीला त्यांनी तिरस्काराची शिकवण असे नाव दिले. १३ जून १९६० रोजी, ब्याऐंशी वर्षांचे असताना, ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि आपली टाचणे त्यांच्या हाती दिली.

पोप जॉन यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये, गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला ज्यूंना बेइमान म्हणणारा शब्द काढला होता. या भेटीनंतर त्यांनी हा विषय मोठ्या परिषदेपुढे आणवला. १९६३ मध्ये दोघेही वारले. पण २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीरनामा मंजूर झाला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व ज्यूंवर ठेवता येत नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच, असे चर्चने लेखी सांगितले. याच जाहीरनाम्यात इतर धर्मांबरोबर बौद्ध धम्माचाही आदराने उल्लेख आहे. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. २००० साली त्यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरपंथी चर्चने १९९४ मध्ये ल्यूथरच्या त्या लिखाणाचा जाहीर निषेध केला. उशीर फार झाला. पण केले, आणि कागदावर केले.

यातून काय घ्यायचे?

एक. ‘काळच तसा होता’ हे उत्तर पुरत नाही. प्रत्येक काळात, त्याच धर्मात, त्याच पदावर, वेगळे वागणारा कुणीतरी होता. म्हणजे निवड होती.

दोन. धर्माच्या आसनावरून बोलणाऱ्याने शब्द तोलून वापरला पाहिजे. ऐकणारा तो घरी नेतो, मुलाला देतो. तेव्हा आपली मुले शाळेत, टीव्हीवर, मोबाईलवर कुठल्या जमातीबद्दल काय ऐकतात ते आईबापांनी विचारले पाहिजे. आणि आपण घरात दुसऱ्या जातीधर्माबद्दल काय बोलतो, तेही ऐकून पाहिले पाहिजे.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचे. आज इथून उठून कुणी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला याचा जाब विचारू नये. पंधराशे वर्षांपूर्वीच्या बिशपचा दोष आजच्या शेजाऱ्याला जन्माने चिकटवणे, हीच तर ती चूक, जिच्यापायी हे सारे घडले. तसेच आज एखादे सरकार वाईट वागले म्हणून त्या धर्माच्या साऱ्या माणसांना, मग ते ज्यू असोत, मुसलमान असोत की आणखी कुणी, दोषी धरणे हीही तीच चूक.

माणसाला त्याच्या कृतीने तोलावे, जन्माने नव्हे. ही गोष्ट तुम्हाला मी नव्याने सांगावी असे काही नाही.